तीन ठोके म्हणजे थांब

म्हादू,

परवा शाळेच्या सभागृहात तुझी शोकसभा झाली. शेवटी सरपंच म्हणाले, म्हादूकाकांना आपण त्यांच्याच पद्धतीने निरोप देऊ या. मग सगळं सभागृह उठून उभं राहिलं आणि प्रत्येकाने समोरच्या बाकावर मुठीने तीन ठोके दिले. लहान पोरांनी तर दोनदा दिले. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे चला, म्हादूकाका." बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

तू असतास तर उठून निघून गेला असतास. दर सव्वीस जानेवारीला जायचास तसा.

मीही ठोके दिले. त्या सभागृहात त्या तीन ठोक्यांचा खरा अर्थ माहीत असलेला मी एकटा माणूस होतो, आणि मीही मूठ आपटली. त्याआधी माईक माझ्याकडे आला होता तेव्हा तुझा स्वभाव मनमिळाऊ होता असं बोललो. तू आणि मनमिळाऊ! चहा पाणचट केला म्हणून टपरीवाल्याशी दोन महिने न बोलणारा माणूस तू. लहानपणापासूनचा मित्र म्हणून मला बोलायला उभं केलं होतं, आणि मला तेवढंच सुचलं. घरी येऊन जेवलो नाही. बायकोने कारण विचारलं तर तिच्यावरच ओरडलो.

राग सगळ्यांचा येतोय. सरपंचाचा येतोय, त्या पोरांचा येतोय, तुझाही येतोय. पण रांग लावायची तर पहिला नंबर माझा आहे, म्हणून आता लिहितो. तू कुठे जन्मलास, फौजेत कधी गेलास, आगरदांडा-दिघी फेरीवर किती वर्षं इंजिन चालवलंस, हे सगळं सभेत कागदावरून वाचून झालं. मला फक्त ठोक्यांचं लिहायचंय.

ते फौजेतून आलेले नाहीत, हे आधी सांगून टाकतो. कुठल्याच फौजेत तसली पद्धत नाही. ते तुझ्या वडिलांच्या लाँचवरचे आहेत. वडील सारंग, वर सुकाणू धरून उभे. तू खाली इंजिनपाशी, जिथून ना खाडी दिसते ना धक्का. वरून खाली हुकूम द्यायला दोरीची घंटी होती. ती एकदा दोरीसकट खाडीत पडली आणि मालक नवी देईना. मग वडिलांनी पहार घेतली आणि इंजिनावरच्या लोखंडी पट्टीवर ठोके द्यायला सुरुवात केली. एक ठोका, पुढे. दोन, मागे. तीन लागोपाठ, थांब. तू म्हणायचास, इंजिनाच्या धडधडीत ठोका कानाला कळत नाही, पाठीला कळतो. मी तेव्हा लाँचवर फळ्या ठोकायला यायचो, आणि वडिलांना तंबाखू मळायची असली की पहार माझ्या हातात द्यायचे. धक्का जवळ आला की मी तीन द्यायचो आणि खाली तू इंजिन बंद करायचास. त्यामुळे मी चुकलो, विसरलो, गैरसमज झाला, असली कुठलीही सबब मला नाही. तो हुकूम माझ्या हातांनी शेकडो वेळा दिलेला आहे.

पुढे ती लाँच मोडीत निघाली, वडील गेले, नव्या लाँचवर चांगली घंटी आली. ती भाषा कळणारे आपण दोघंच उरलो. आणि एक तिसरा होता, तो केव्हाच गेला होता. त्याचं नाव तू मला पंचवीस वर्षं सांगितलं नाहीस.

फौजेतून आल्यावर तू रणगाड्याबद्दल काही बोलायचा नाहीस, पण रणगाड्याचा एकही पिक्चर सोडायचा नाहीस. श्रीवर्धनच्या टॉकीजला लागो की गणपतीत मंडळाने व्हिडिओ आणो, तू मला ओढून न्यायचास आणि शेवटपर्यंत शिव्या घालायचास. हिरो झाकणातून कमरेइतका बाहेर येऊन भाषण करायला लागला की तू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, "अरे, ह्याला खाली बसवा कोणीतरी." आत चौघं जण तोंडाशी तोंड लावल्यासारखे गप्पा मारत, कविता म्हणत. तू म्हणायचास, आत शेजारच्याने कानात बोंब मारली तरी कळत नाही, आणि हे मुशायरा करतायत. हिरो धावत्या रणगाड्याच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध झोपून वाचला तेव्हा तू इतका हसलास की मॅनेजर बॅटरी घेऊन आला.

मात्र एका सीनला तू कधी हसला नाहीस. शत्रूचा रणगाडा उडतो, ज्वाळांचा डोंगर होतो, पब्लिक शिट्ट्या मारतं. तेव्हा तू बूट बघत बसायचास. एकदा मी कोपराने ढोसून विचारलं, काय झालं, आपला नाही तो. तू म्हणालास, "आत माणसं असतात, अंत्या." बस्स. पुढे नेहमीसारख्या शिव्या सुरू.

आणि तुला आवडलेला सीन एकच. कुठला तरी परदेशी पिक्चर होता, भाषा कळत नव्हती. रणगाडा पावसात उभा आहे, डिझेल संपलंय, आणि चौघं त्याच्या पोटाखाली बसून टँकरची वाट बघतायत. एक जण दुसऱ्याच्या अंगातल्या शर्टाचं बटण शिवतोय. दोरा दातांनी तोडतो. बाकी काही घडत नाही. पोरं ओरडायला लागली, पुढे ढकला, पुढे ढकला. तू म्हणालास, मागे घे, परत लाव. आणि मंडळाच्या पोरांशी भांडून तो सीन दोनदा बघितलास. मला वाटलं, तुझं डोकं फिरलं. तसाच दोरा तोडणारा एक माणूस तुझ्या ओळखीचा होता, हे मी तेव्हा विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? माहीत नाही. मी विचारलं नाही.

मग आपल्याच किनाऱ्यावर शूटिंग आलं. मी तेव्हा मुंबईत सिनेमाचे सेट लावणाऱ्या सुतारांत होतो. वाळवंटातली लढाई होती, पण राजस्थानला युनिट न्यायचा खर्च टाळायला त्यांनी श्रीवर्धनच्या अलीकडची वाळू निवडली. सुरूची झाडं कॅमेऱ्यात येऊ द्यायची नाहीत आणि भरतीच्या आत काम उरकायचं, एवढं सांभाळलं की झालं राजस्थान. मधूनच एखादी कुर्ली तिरकी चालत वाळवंट ओलांडायची आणि कट म्हणावं लागायचं. रणगाडा मी बांधला होता. ट्रॅक्टरवर प्लायवूडचा सांगाडा, टायर कापून केलेल्या पट्ट्या आणि तोफेला सांडपाण्याचा प्लॅस्टिकचा पाइप. दुपारच्या उन्हात पाइप मऊ पडायचा आणि तोफ मान टाकायची. तू तो बघायला आलास आणि हसता हसता वाळूत बसलास. "अंत्या, ह्याला डॉक्टरला दाखव," म्हणालास.

हसून झाल्यावर मात्र तू त्याच्याभोवती एक फेरी मारलीस आणि गंभीर झालास. म्हणालास, हा एकदम रिकामा दिसतोय. खऱ्याला बादल्या, ताडपत्र्या, किटली, अंथरुणं, सगळं टांगलेलं असतं. घर असतं ते. मी संध्याकाळी किटली टांगली. दिग्दर्शकाने ती बघितली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, हे तुला कसं सुचलं? माझं मलाच सुचलं, असं मी सांगितलं. इतक्या लहान खोट्यापासून सुरुवात झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत युनिट सावलीला गेलं होतं. तू त्या प्लायच्या डब्यात शिरलास आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बसलास. मला म्हणालास, मागे बस. बसलो. "वाजव," म्हणालास. मी गंमत म्हणून फळीवर बोटं वाजवली. तू म्हणालास, फळीवर नको, लोखंडावर. मी पाना घेतला आणि चासीवर तीन ठोके दिले. लाँचवर धक्क्याला लागताना द्यायचो तसेच, सवयीने. तुझी पाठ माझ्यापासून वीतभर लांब होती. शर्टाच्या आत ती कशी आखडली ते मी बघितलं.

मग तू सांगितलंस, समोर बघत, माझ्याकडे एकदाही न वळता.

सखाराम नावाचा गोळे भरणारा होता. आपल्याच जिल्ह्यातला, डोंगराकडच्या भातशेतीच्या गावचा. सगळ्यांची बटणं तो शिवायचा. तुमच्या रणगाड्यात आतल्या आत बोलायचा कानावरचा फोन सारखा बिघडायचा, म्हणून तू सगळ्यांना लाँचचे ठोके शिकवले होतेस. पुढे, मागे, थांब. साहेब हसले होते, पण शिकले होते. लढाईच्या दिवशी वरच्या भागाला गोळा लागला. साहेब आणि तोफ डागणारा तिथेच गेले. फोन बंद. तू खाली, पुढे, समोरच्या फटीतून दिसेल तेवढ्या जमिनीकडे बघत चालवतोयस, वर कोण उरलंय तुला माहीत नाही. आणि पाठीत ठोके लागले. तीन. थोड्या वेळाने परत तीन.

"तो थांब सांगत होता, अंत्या. मला कळलं होतं. आणि मी थांबलो न्हाय."

टेकाडावर शत्रूची तोफ होती. थांबलो असतो तर दुसरा गोळा आला असता, असं तू म्हणालास. लगेच पुढे म्हणालास, आला असता की नाही, देव जाणे. समोर एक कोरडा नाला होता, तिथपर्यंत तू गाडी नेलीस. वाटेत ठोके येत राहिले, मग अंतराने आले, मग आले नाहीत. नाल्यात उतरून झाकण उघडलंस तेव्हा सखारामच्या हातात पाना होता. त्याच्या आईला भेटायला गेलास तेव्हा, लगेच गेला, त्रास झाला नाही, असं सांगून आलास. एवढं मला सांगून झाल्यावर तू सीटवरून उतरलास, पँटची वाळू झटकलीस आणि मला म्हणालास, तुझ्या तोफेने परत मान टाकलीय.

हे तू मला दिलंस, म्हादू. एकट्या मला. आणि मी ते तीन दिवस सांभाळलं. चौथ्या दिवशी दिग्दर्शक चहा पिताना कुरकुरत होता, की आतला सीन मेलेला वाटतोय, काहीतरी पाहिजे. मी म्हटलं, माझ्याकडे आहे. सांगायला लागलो. तुझं नाव, सखारामचं नाव, फोन बिघडल्याचं, पाठीतल्या ठोक्यांचं. तो कप खाली ठेवून ऐकत होता. असा मोठा माणूस माझं बोलणं ऐकतोय, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्याने विचारलं, तीन म्हणजे काय? मी म्हटलं, थांब. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, थांब म्हणतो आणि हिरो थांबत नाही? पब्लिक हिरोला शिव्या देईल. आणि तो दुसरीकडे बघायला लागला.

मी म्हटलं, नाही नाही, चुकलो. तीन म्हणजे पुढे चल.

तुझी बदनामी होऊ नये म्हणून मी तसं म्हटलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. त्या माणसाने परत माझ्याकडे बघावं, एवढंच मला पाहिजे होतं. आणि त्याने बघितलं. उठून मिठी मारली.

पिक्चर लागला तेव्हा तू माझ्या शेजारच्या खुर्चीवर होतास. माझं कर्तृत्व दाखवायला मीच तुला नेलं होतं. पडद्यावर सखा नावाचा रक्ताने माखलेला सैनिक पान्याने तीन ठोके देतो आणि वर तोंडानेही ओरडतो, आगे बढ, दोस्त. हिरोच्या डोळ्यांतून पाणी, मागे गाणं, रणगाडा सुसाट. सगळं टॉकीज उभं राहिलं. तू बसून होतास. बाहेर आल्यावर सायकल काढताना एवढंच विचारलंस, "तीन म्हणजे पुढे?"

मी म्हटलं, पिक्चर आहे रे.

तू सायकलवर टांग टाकलीस, आणि मी समजलो की विषय संपला.

विषय संपला कुठला, सुरू झाला. ती गोष्ट खऱ्या माणसांची आहे, हे मीच गावभर सांगितलं होतं. मंडळाने आपल्या दोघांचा सत्कार ठेवला. तू येत नव्हतास, मी हातापाया पडून तुला आणला. स्टेजवर मला शाल मिळाली, तुला मिळाली. शाळेतल्या गुरुजींनी पोरांना तीन ठोके शिकवले आणि ते त्या दिवशी पहिल्यांदा वाजले. पुढे दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की तुला खुर्चीवर बसवून पोरं बाकांवर ठोके द्यायची आणि तू उठून जायचास. लोक म्हणायचे, म्हादू हळवा झाला. आत माणसं असतात म्हणणाऱ्या तुझ्या पाठीत दर वर्षी शंभर पोरं मिळून तेच ठोके घालत होती, आणि मी टाळ्या वाजवत होतो.

एकदा तू प्रयत्न केलास. सखारामच्या गावात तो पिक्चर पडद्यावर दाखवला, आपला सखाराम म्हणून त्याच्या फोटोला हार घातला, हे तुला फेरीवरच्या कुणीतरी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी तू गेलास. त्याची आई तेव्हा जिवंत होती. घरात दुसरा मुलगा नव्हता म्हणून धाकट्या बहिणीचा, इंदूचा नवरा तिथेच राहत होता. त्याने तुला ओटीवरच थांबवलं. तू सांगितलंस, तो थांब म्हणत होता, मी थांबलो नाही, हे मला म्हातारीला सांगायचंय. तो चिडला. म्हणाला, आमच्या माणसाला भित्रा ठरवायला आलास? सगळ्या जगाने बघितलंय तो काय म्हणाला. तू म्हणालास, ज्याने ती गोष्ट पिक्चरवाल्यांना दिली त्यालाच विचारा, त्याला ठोके माहीत आहेत.

आणि तो विचारायला आला. आगरदांड्याच्या धक्क्यावर, भर दुपारी, दिघीची फेरी सुटायची वेळ. मी गणपतीला गावी आलो होतो, शाल अंगावर नव्हती पण डोक्यात होती. भोवती फेरीची माणसं, सगळी मला ओळखणारी. तू खाली इंजिनपाशी होतास. त्याने सरळ विचारलं, "तुम्ही खरं सांगा. तीन ठोके म्हणजे पुढे का थांब?"

लोक थांबून ऐकायला लागले. मी त्याच्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं.

"पुढे," मी म्हटलं. "तीन म्हणजे पुढे."

तू वर आलास. हात चिंध्यांना पुसत होतास. माझ्याकडे बघितलंस. मी तुझी नजर टाळली नाही, हे मला आज सगळ्यात जास्त बोचतं. मग तू त्या माणसाला म्हणालास, "अंत्या म्हणतो तर तसंच असेल." आणि परत खाली गेलास. घंटी झाली, लाँच सुटली.

का रे, म्हादू? टपरीवाल्याशी चहावरून भांडणारा तू, माझी गचांडी का धरली नाहीस? धक्क्यावरून खाडीत का ढकललं नाहीस? चार माणसांसमोर एकदा खोटारडा म्हणाला असतास तर मी कदाचित फुटलो असतो. तू काय केलंस? पुढच्या आठवड्यात नेहमीसारखा माझ्या पडवीत येऊन बसलास आणि पाटाचा पाय हलतो म्हणून दुरुस्त करायला दिलास. तुझ्या त्या गप्प बसण्याचा मला भयंकर राग आहे. तू मला माफ केलंस की नुसतं मोडीत काढलंस, हे तू शेवटपर्यंत कळू दिलं नाहीस. पुढची सगळी वर्षं मी तुझ्याशी बोलत होतो आणि मधे ती फेरी उभी होती. आणि त्या वर्षांचे उपकारही विसरता येत नाहीत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा अलिबागला तूच हाताला धरून नेलंस, परतीच्या एसटीत खिडकीतून काय काय दिसतंय ते मला सांगत आलास. असला माणूस होतास तू, आणि असल्या माणसाशी मी हे केलं.

आपली शेवटची भेट तुझ्या खाटेपाशी. तुझ्या लेकीचा, सुमनचा मुलगा मोबाईलवर सध्याच्या कुठल्यातरी लढाईतली चित्रफीत बघत होता. वरून, आभाळातून घेतलेली. शेतात एक रणगाडा उभा, वरून काहीतरी टपकतं आणि त्याचं डोकं उडून लांब पडतं. कुणीतरी त्याला ठेक्याचं गाणं लावलं होतं. तू हात पुढे केलास. मला वाटलं, मोबाईल बघायला मागतोयस. तू तो पालथा घालून अंथरुणावर ठेवलास. म्हणालास, "ह्याला पण गाणं लावलं."

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तू माझ्याकडे बघत होतास. खोलीत सुमन होती, ऐकणारं माणूस होतं. मी म्हटलं, जेवलास का.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी सुमनकडे गेलो आणि म्हटलं, मला सखारामच्या गावाला घेऊन चल, वाटेत सांगतो. रिक्षात सांगितलं. ती ऐकत गेली. तिला तुझं ते उठून जाणं आठवलं. एकदा शाळेतून तसा परतलास तेव्हा ती तुला म्हणाली होती, बाबा, पोरं एवढं प्रेम करतात आणि तुम्ही किती भाव खाता. ते सांगून ती बाहेर बघायला लागली.

म्हातारी केव्हाच गेली, इंदूचा नवराही गेला. इंदू एकटी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सत्तरीला आलेली, तुझ्यामाझ्यापेक्षा लहान. मी कोण ते सांगितलं, तू गेल्याचं सांगितलं, आणि मग सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. तिने शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणाली, कसे वाजवायचे, दाखवा. मी पाटावर तीन ठोके दिले. ती म्हणाली, परत. परत दिले.

"म्हंजे थांब?"

"थांब."

मला वाटलं, आता रडेल किंवा हाकलून देईल. माझ्यासाठी दोन्ही बरं झालं असतं.

"म्हंजे दादाला घरी यायचं होतं," ती म्हणाली.

मग सुमनकडे बघून बोलायला लागली, माझ्याकडे नाही. तो पिक्चर दाखवला तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. लोक हार घालत होते आणि आई आत बसून म्हणत होती, मरताना पोरगा पुढं जा म्हणाला, मागं कुणी हाय ह्याची त्याला आठवण न्हाय झाली. तेच मनात धरून आई गेली. मी पण दादावर तोच राग धरून म्हातारी झाले. फोटोला हार मी कधी घातला न्हाय, नवरा घालायचा. "आणि तुझा बाप हे सांगायला आला होता? आमच्या ओटीवर येऊन परत गेला?"

सुमनने मान हलवली.

"त्यानं थांबायला पायजे होतं का, ते मला काय कळणार, बाय. टँक काय असतं, मी बघितला पण न्हाय. पण आत घेतलं असतं तर आईने त्याला जेवायला घातलं असतं."

परतताना सुमन रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली. धक्क्यापाशी उतरल्यावर तिने विचारलं, "काका, तेव्हा तुम्ही थांब म्हटलं असतंत, तर काय गेलं असतं तुमचं?"

शाल गेली असती. दुसरं काही नाही. ती अजून कपाटात पिशवीत आहे, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. मी हे तिला सांगितलं नाही, ती थांबलीही नव्हती. म्हणाली, आता काही दिवस आमच्याकडे येऊ नका. बरोबर बोलली.

हे मी छापायला देतोय, माझ्या नावानिशी. ज्यांनी बाकावर ठोके दिले त्यांनी वाचावं. पुढच्या सव्वीस जानेवारीला मी असलो तर शाळेत येणार आहे. पोरांना त्या लाँचबद्दल सांगणार आहे, पहारीबद्दल, एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय. त्यावर कुणी हसो, कुणी मला बाहेर काढो.

पण ते पोरांसाठी झालं. तुझ्यासाठी माझ्याकडे काही नाही, म्हादू. त्या घरात तुला माफी मिळणार होती. भात वाढून, पाटावर बसवून मिळणार होती. म्हातारी आत चुलीपाशी बसली होती, तू ओटीपर्यंत पोचला होतास, मधे एक दार होतं. आणि दार उघडायचं की नाही हे विचारायला माणूस माझ्याकडे आला.

मी पुढे म्हटलं, आणि तू खाली जाऊन इंजिन चालू केलंस.